अष्टमीला नदी, पौर्णिमेला समुद्र

आमच्या पंचक्रोशीतल्या एका गावात जॉगिंग ट्रॅकचं घाटतंय. किनाऱ्याला समांतर, सुरूच्या बनातून, पेव्हर ब्लॉकचा. मधेमधे सिमेंटचे बाक आणि सुरुवातीलाच फोटो काढायला लाल बदाम लावलेलं गावाचं नाव. सांगणारा भलताच खुशीत होता. “वहिनी, आता तुमची सोय होणार!” या टापूत रोज धावणारी बाई मी एकटीच, त्यामुळे हा खर्च माझ्या नावावर खपणार असं दिसतंय. म्हणून आधीच लिहून टाकते. मला नकोय.

मी दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याची सून. वीस वर्षं डोंबिवलीत काढली. तिथे साडेपाचला उठून बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायचे, कारण रस्त्यावर धावायची सोयच नव्हती. २०२० मध्ये इथे आलो ते राहिलोच. ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ झालं आणि पुढचे कित्येक महिने बूट कपाटातून बाहेर काढायची लाज वाटली. माणसं आपल्याच बागेतल्या आडव्या पोफळी करवतीने कापतायत आणि ही बाई ट्रॅकपँट घालून व्यायामाला निघाली, हे दिसायला बरं नव्हतं.

पहिल्यांदा धावले त्या दिवशी वाटेत तीन घरांतून माणसं बाहेर आली. “काय गो, कुणाचं काय झालं?” गावात मोठं माणूस पळताना दिसलं की कुणीतरी आजारी असतं, नाहीतर गेलेलं असतं. सहज म्हणून धावतेय, हे पटवायला मला एक पावसाळा लागला. अजूनही एक आजोबा मी परत येईपर्यंत पडवीत उभे असतात, त्यांचा विश्वास बसलेला नाही.

पण खरी अडचण लोकांची नव्हती, पाण्याची होती. आज गेले तर पक्की, ओली, टणक वाळू आणि आठवड्याने त्याच वेळी गेले तर तीच वाळू पाण्याखाली. मग घोट्यापर्यंत रुतणाऱ्या कोरड्या वाळूतून पोटऱ्यांची वाट लावत जायचं. मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधत बसले होते, तेव्हा सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. “तिथीची पाऊणपट कर.”

इथल्या कुठल्याही जुन्या माणसाला हे येतं, तरी शहरातल्यांसाठी सांगते. प्रतिपदेपासून तिथी मोजायची आणि तिला पाऊणने गुणायचं. येईल तो पूर्ण भरतीचा आकडा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापासून सहा-सव्वासहा तास मागेपुढे मोजले की ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण धावायला निघणाऱ्याला काय मिनिटाचा हिशेब हवाय? भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेवढंच हे गणित आहे. होडीवाल्यांना ते लागतं, कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना लागतं. मला लागेल असं सासूबाईंना वाटलं नसावं, पण सांगितलं.

त्या दिवसापासून माझं धावणं पंचांगावर चालतं. चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत सकाळ समुद्राची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच मागेही जातं. पहाटे पाच-सहाला पाणी उतरलं की जो पट्टा उघडा पडतो, त्याच्यासारखी धावायची जागा मी दुसरी पाहिलेली नाही. पायाखाली ना रबर, ना डांबर. सूर्य मागच्या डोंगराआडून यायचा असतो, त्यामुळे उजाडून गेलं तरी वाळू बराच वेळ सावलीतच. दक्षिणेला जोग नदीच्या मुखाशी वाळू संपते. समोर हर्णै आणि पाण्यात बसलेला सुवर्णदुर्ग. तिथून वळायचं. एक गोष्ट मात्र मी दुखलेल्या गुडघ्याने शिकले. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने लांबवर धावलं तर एका पायावर सगळा भार येतो. जेवढं जाल तेवढंच त्याच वाटेने परत या, दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो.

षष्ठीपासून एकादशीपर्यंत मात्र समुद्राचा नाद सोडायचा. भरती नेमकी सकाळीच, आणि ती भांगाची. म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, नुसतं मधे घुटमळत राहतं. हे दिवस नदीचे. जोग नदीवरचा पूल, पलीकडे पाजपंढरीचा कोळीवाडा, आणि अलीकडे खाडीच्या काठाने आत जाणारा रस्ता. पूल होण्याआधी पलीकडे जायला ‘तर’ होती, म्हणजे माणसं पार करणारी होडी. म्हातारी माणसं अजून “तरीवर गेलो होतो” म्हणतात तेव्हा पुलावरच जाऊन आलेली असतात.

खाडीकाठचं धावणं समुद्रासारखं भव्य वगैरे नाही, पण मला तेच जास्त आवडतं. भरतीचं पाणी तिवरांच्या बुंध्यांशी आलेलं असतं. पाण्याला आवाज नसतो, स्वतःच्या श्वासाचा तेवढा येतो. खंड्या तारेवर. पुलाजवळ वाळत टाकलेल्या सुकटीचा वास येतो. नवख्याला तो नकोसा होईल, मला आता त्या वासानेच दोन किलोमीटर झाल्याचं कळतं. आणि मुख्य म्हणजे हा रस्ता पहाटे ओस नसतो. टोपल्या घेऊन मासळीला निघालेल्या बायका भेटतात. एकट्या बाईला दिव्याच्या खांबापेक्षा याचाच आधार जास्त. एक मावशी रोज विचारते, “आज किती?” मी “सहा” म्हटलं की म्हणते, “मी डोक्यावर पाटी घेऊन करते गो तेवढे.” यावर बोलायला काही उरत नाही.

बदल हवा असेल तेव्हा दापोलीजवळच्या मुरूडला जाते. मुरूडपासून कर्द्याकडे वाळू सलग जाते, मधे खडक आडवा येत नाही. महर्षी कर्व्यांचं हे गाव. शाळकरी वयात कर्वे परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले होते, सह्याद्री चढून. पोचल्यावर वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. दम लागला की मला हे आठवतं आणि स्वतःचं हसू येतं. आपण घरून नाश्ता करून आलेल्या बाई.

आता ट्रॅककडे येते. वाळूचा किनारा म्हणजे जागच्या जागी राहणारी जमीन नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. मर्यादवेल आणि केवडा ती धरून ठेवतात. त्यांच्या जागी सिमेंट ओतलं की दोन-चार पावसाळ्यांत कडा खचणार, ब्लॉक उखडणार, मग ट्रॅक वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा मागायचा आणि दगड टाकायचे. म्हणजे वाळू गेली, ट्रॅकही गेला, राहिले दगड. शिवाय पेव्हर ब्लॉकवर धावून बघा एकदा. शेवाळ धरलं की श्रावणात त्यावरून नीट चालताही येत नाही.

आणि ज्याच्यामुळे खरोखर धावता येत नाही, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गाड्या. शनिवार-रविवारी थेट वाळूत उतरवलेल्या गाड्या. ओहोटीचा तो टणक पट्टा मला धावायला चांगला वाटतो, तसाच त्यांना गोल गोल फिरवायला. मग एखादी रुतते, भरती चढायला लागते, ट्रॅक्टर बोलावला जातो आणि तिचा व्हिडिओ गावभर फिरतो. आम्ही हसतो. पण याच वाळूत थंडीत ऑलिव्ह रिडले कासवीण येऊन शंभर-सव्वाशे अंडी पुरून जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वेळासपासून आंजर्ल्यापर्यंत गावोगावची पोरं पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. त्यांच्या नजरेतून सुटलेल्या घरट्यावरून एक चाक गेलं की संपलं. कासविणीच्या येण्याजाण्याचा माग वाळूत उमटतो, तो मी दोनदा पाहिलाय, धावता धावता. तिथे थांबायचं, माग न तुडवता बाजूला व्हायचं आणि त्या पोरांना फोन करायचा. घड्याळातली वेळ गेली तर जाऊ दे.

तेव्हा पैसे आलेच असतील तर किनाऱ्यावर उतरायच्या वाटांवर मोठे दगड लावा, नाहीतर साखळी घाला. होडीवाल्यांकडे किल्ली द्या. पुलाजवळ बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह बांधा, टोपलीवाल्या मावशीला ते माझ्याआधी हवंय. पर्यटकांनी बिस्किटं घालून माजवलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा, मी सध्या हातात काठी घेऊन धावते, त्यामुळे आजोबांचा संशय आणखीच वाढलाय. एवढं झालं की ट्रॅक तयारच आहे. रोज दोनदा धुतला जातो.

उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी साडेसात-पावणेआठला. मी साडेसहाला निघणार. ट्रॅकवाल्या भाऊजींनाही यायला सांगितलंय, “बघतो” म्हणाले.