जाणवला नाही, असं कधीही म्हणू नका

नाशिकला भूकंपाचा हलका धक्का बसला की भिंतींना सहसा काही होत नाही. धोका असतो तो अब्रूला. सकाळी पिशवी घेऊन दुधाला गेलात की डेअरीवाला सुटे पैसे मोजता मोजता विचारणार, "काल जाणवला का?" आणि तुम्ही भाबडेपणाने "नाही हो, झोप लागली होती" असं म्हणालात की संपलंच. पायाखालची पृथ्वी हललेली ज्याला कळत नाही, त्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावर कोण बोलू देणार? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तयारीला वेळ मिळतो. भूकंपाचं तसं नाही, म्हणून आत्ताच चार गोष्टी शिकून घ्या.

धक्का बसेल त्या क्षणी त्याला ओळखायचं नाही. इतकी घाई बरी दिसत नाही. आपल्याकडे धडाम आवाज आला तर देवळालीला तोफांचं फायरिंग चालू असतं, काचा थरथरल्या तर ओझरहून सुखोई उडालेलं असतं आणि फरशी हादरली तर कुठल्यातरी खाणीत सुरुंग लावलेला असतो. या तिघांचाही हात नाही असं ठरलं की घरच्यांवर संशय घ्यावा. पलंग हलतोय? शेजारच्या माणसाला सांगा, "पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते." तो म्हणेल, मी नाही हलवत. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई "मला गरगरतंय गं" म्हणतील. त्यांनी बीपीची गोळी घेतली का, याची चौकशी करा. पाण्याचा तांब्या त्यांच्यापर्यंत पोचेतो भूकंप आटोपलेला असतो. आता "भूकंप! भूकंप!" असं ओरडायला हरकत नाही.

मग खाली उतरायचं. हादरे चालू असताना टेबलाखाली शिरून डोकं झाकावं आणि टेबलाचा पाय धरून बसावं, असं जाणकार सांगतात. पण आपल्या डायनिंग टेबलाखाली कांद्याची टोपली, रद्दी आणि गेल्या दिवाळीच्या पणत्या असतात, तिथे माणसाने शिरायचं कुठे? त्यामुळे खालीच. चपला शोधा, साडी नीट करा, दाराला कुलूप लावा, कुलूप लागलं का ते दोनदा ओढून बघा आणि लिफ्टने उतरा, कारण अंधारात जिन्यावर पाय घसरला तर उगाच इजा व्हायची.

खाली आल्यावर समोरच्या मोकळ्या मैदानात मुळीच जाऊ नका. तिथे डास असतात. सगळ्यांनी बिल्डिंगच्या बरोबर खाली, पार्किंगमध्ये उभं राहावं. तिथे ट्यूबलाइट आहे, गणपतीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, चहाही येतो. २६ जानेवारी २००१च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून २००हून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादेत काही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच अशाच, खाली भिंती नसलेलं पार्किंग आणि वर मजल्यांवर मजले, अशा होत्या. पण हे सांगायची ही वेळ नव्हे. चहा आला आहे.

आता खरी परीक्षा सुरू होते: कोणाला किती जाणवला? या बाबतीत मजल्याला मान असतो. एरवी ज्यांना पाणी चढत नाही म्हणून आपण हळहळतो, ते सातव्या मजल्यावरचे लोक त्या रात्री सरदार असतात. तळमजल्यावरच्यांनी फक्त ऐकायचं. यात शास्त्रही आहे. मर्कॅली नावाची एक फुटपट्टी आहे. भूकंपात किती ऊर्जा सुटली हे ती मोजत नाही, तो माणसांना आणि वस्तूंना कसा जाणवला ते मोजते. तिच्या खालच्या पायऱ्यांवर स्वच्छ लिहिलेलं असतं, की असा धक्का स्वस्थ पडलेल्या थोड्या माणसांना, त्यातही वरच्या मजल्यांवर जाणवतो आणि टांगलेल्या वस्तू हलतात. म्हणजे त्या वेळी जो भांडी घासत होता, पोळ्या लाटत होता किंवा अंबडच्या कारखान्यात मशीनवर उभा होता, तो बाद. सोफ्यावर आडवा झालेला माणूस हाच विज्ञानाचा अधिकृत साक्षीदार. आयुष्यभर ज्याला "उठा की जरा" म्हणून ऐकावं लागलं, त्याला अखेर न्याय मिळाला.

टांगलेली वस्तू म्हणजे अर्थातच पंखा. गोदावरीला पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीवरून सांगतो, कुठपर्यंत पाणी लागलं ते बघून. भूकंपाला हॉलमधला पंखा. हाताने किती हलला ते दाखवायचं आणि दर वेळी सांगताना वीतभर वाढवायचं.

आकडाही तिथेच ठरवून टाका. दिंडोरी रोडवर मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, भूकंपाची नोंद होते. पण यंत्राची वाट बघत बसलो तर चहा गार होईल. "चार तरी असणार," असं म्हणावं. सकाळी बातमीत तीन आले की "हे कमीच सांगतात" म्हणून मोकळं व्हावं. अशा वेळी एक काका हमखास म्हणतात, "तीन म्हणजे किल्लारीच्या निम्मा की हो!" त्यांना कोणी टोकू नये. एकेक अंक चढताना ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. तीनाचे सहा व्हायला असले तीसेक हजार धक्के एकदम लागतील. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेल्या माणसांवर दगड-मातीची घरं कोसळली, त्याचा हा निम्मा नव्हे. त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि पुरू नये. पण काकांनी खुर्ची सोडलेली नाही, आपण उभे आहोत.

पार्किंगमध्ये पाटणकडची एखादी सून असेल तर मात्र जपून. कोयनेने ११ डिसेंबर १९६७ला दणका दिला आणि त्या भागात धक्के अजून येतात. ती म्हणेल, "तीनला आमच्याकडे कूससुद्धा बदलत नाहीत." झालं, सातवा मजलाही गप्प. वर तिने निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद केलेला असतो. बाकीच्यांना तेव्हा आठवतं, की आपण दूध तापत ठेवून आलो.

पेठ, सुरगाणा, कळवणकडे असले धक्के अधूनमधून बसतात, जमिनीतून आवाज येतात. पेपरात चार ओळींत "गूढ आवाज" छापून येतं. गूढ अशासाठी, की तिथे सातवा मजला नाही.

झोपण्याआधी एक कर्तव्य उरतं. "रात्री ३ वाजता याहून मोठा धक्का बसणार" हा मेसेज तुम्हाला आला असेलच. भूकंपाची वेळ आधी सांगणं जगात अजून कोणालाच जमलेलं नाही. त्यामुळेच हा मेसेज इतका मोलाचा. पुढे पाठवा आणि खाली "फॉरवर्डेड, पण काळजी घ्या" असं लिहा. तीनपर्यंत स्वेटर घालून जागे राहा. काही झालं नाही तर ते तुम्ही जागे राहिलात म्हणून.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मागच्या धक्क्याच्या वेळी मी द्वारका चौकात स्कूटरवर होतो. मर्कॅलीच्या हिशेबात बाद. दोन दिवस डेअरीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "काय रे, नाशिक हललं म्हणे? तुला जाणवला का?" मी सोफ्यावर आडवा झालो, छताकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणालो, "काय सांगू तुला, आपला हॉलमधला पंखा असा हलत होता..."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तो आठ दिवसांपासून वाइंडिंगला टाकलाय."