रोज दहा बॅकलिंक टाकून एसइओ येत नाही

"रोज फक्त अर्धा तास द्या आणि ९० दिवसांत एसइओ एक्सपर्ट व्हा" हा मेसेज गेल्या काही महिन्यांत मला तिघांनी पाठवला (एसइओ म्हणजे गुगलच्या शोधात आपली साइट वर दिसावी म्हणून करायचं काम), त्यातला एक माझा मावसभाऊ, नुकतंच कॉलेज संपलंय आणि मावशीच्या दापोलीजवळच्या कर्दे गावातल्या होमस्टेच्या साइटवर हे काम शिकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेसेजमध्ये रोजची पाच कामं दिलीयेत: एक नवीन आर्टिकल टाका, दहा बॅकलिंक (दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) बनवा, मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या टॅगमध्ये) वीस शब्द भरा, सकाळी उठल्याउठल्या रँक (गुगलवर साइट कितव्या नंबरला दिसते ते) चेक करा, आणि कीवर्ड टूल (कुठला शब्द किती लोक शोधतात ते दाखवणारं) जे सांगेल त्यावरच लिहा. रोज करा हे मला शंभर टक्के मान्य आहे, मी स्वतः कित्येक वर्षं रोज सकाळी चहा घेत एसइओचं काम करते. पण ही पाच कामं रोज केली तर हात बसतो तो चुकीच्या गोष्टीवर.

मेटा कीवर्डचं लगेच उरकते. वेब सर्चच्या रँकिंगला हा टॅग आम्ही वापरत नाही हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर सांगितलंय. तोच वेळ टायटलला (शोधल्यावर दिसणाऱ्या पानाच्या मथळ्याला) द्या, तो निदान माणूस वाचतो.

बॅकलिंक. रोज दहा म्हणजे प्रत्यक्षात काय होतं तर कुठल्यातरी डिरेक्टरीत नाव टाका, कुठेतरी प्रोफाइल बनवा, कुणाच्यातरी पोस्टखाली "छान माहिती" लिहून लिंक चिकटवा. असल्या जागच्या लिंकला बहुतेक वेळा नोफॉलो (ह्या लिंकला आमची शिफारस धरू नका असं गुगलला सांगणारा टॅग) लागलेला असतो, तो टॅग २००५ मध्ये आलाच मुळी कमेंटमधल्या स्पॅममुळे. आणि एप्रिल २०१२ मध्ये गुगलचं पेंग्विन अपडेट (बनावट लिंक पकडणारा बदल) आलं तेव्हा अशा लिंकवर उभ्या असलेल्या कितीतरी साइट खाली गेल्या. २०१६ पासून पेंग्विन गुगलच्या कोअर अल्गोरिदमचाच (रिझल्टचा क्रम लावणाऱ्या मूळ यंत्रणेचाच) भाग आहे आणि अशा लिंकचं वजनच काढून घेतलं जातं, म्हणजे रोजची दहाची मेहनत थेट पाण्यात. त्यापेक्षा मावशीकडे येणाऱ्या पाहुण्यांना डॉल्फिन बघायला नेणारा जो बोटवाला आहे त्याच्या पेजवर राहायची सोय म्हणून होमस्टेची लिंक असणं हे खरं काम आहे, आणि ते आठवड्यात एक झालं तरी खूप झालं.

रोज एक आर्टिकल ह्याच्यावर मला जास्त राग आहे कारण ह्याने नवीन मुलं दमून जातात. मार्च २०२४ मध्ये गुगलने स्पॅमच्या नियमांत स्पष्टच घातलंय की फक्त रँकिंगसाठी ढिगाने काढलेला, वाचणाऱ्याच्या कामाला न येणारा मजकूर चालणार नाही, मग तो माणसाने लिहिलेला असो की एआयने. भावाने काय केलं, "दापोली होमस्टे", "दापोलीतलं होमस्टे", "दापोलीजवळ होमस्टे" अशी एकाच अर्थाची पानं काढत गेला. एकाच शोधासाठी ती पानं एकमेकांशीच भांडतात! त्याच्याऐवजी हर्णैच्या बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव कधी लागतो, गाडी कुठे लावायची, एवढंसं घ्यायचं असेल तर मिळतं का, हे बघून एक पान लिहायला चार दिवस लागले तर लागू देत.

आता रँक चेक. इथे मला खरंच थांबायचंय.

माझ्या भावाने हा पाच कामांचा नेम दीड महिना एक दिवस न चुकवता केला. रोज सकाळी फोनवर शोधायचा, साइट दिसायची नाही, तो म्हणायचा कॉम्पिटिशन फार आहे ताई, अजून आर्टिकल टाकायला पाहिजेत. मी गेले तेव्हा सर्च कन्सोल (आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल) उघडायला लावलं, तर ते सेटअपच केलेलं नव्हतं. केलं, होमपेजचा पत्ता त्यातल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकला, आणि उत्तर आलं की हे पान गुगलवर नाही, कारण नोइंडेक्स टॅग, म्हणजे हे पान शोधात दाखवू नका अशी सूचना. ज्यांनी साइट बनवून दिली त्यांनी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली सर्च इंजिनने ही साइट इंडेक्स करू नये (आपल्या यादीत घेऊ नये) अशी जी टिक असते ती काम चालू असताना लावली आणि काढायचीच विसरले. म्हणजे दीड महिना गुगलला आपणच सांगत होतो की दाखवू नको. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, आणि चूक त्याची नव्हती, त्याला रोज काय बघायचं हेच कुणी चुकीचं सांगितलं होतं.

आणि साइट इंडेक्स झालेली असली तरी स्वतःच्या फोनवर शोधून कळतं काय? तुम्ही कुठे उभे आहात त्यावर रिझल्ट बदलतात, दापोलीत दिसतं ते पुण्यात दिसेलच असं नाही, आणि मावशीचे पाहुणे पुण्यातून शोधतात. सर्च कन्सोलमधली पोझिशन सरासरी असते, तिथला पक्का आकडाही काही दिवस मागचा असतो. मंगळवारी टायटल बदललं आणि शुक्रवारी रँक हलली नाही म्हणून परत जुनं केलं तर दोन्हीतलं काहीच कळलं नाही. त्यापेक्षा एक वही घाला: तारीख, कुठलं पान, काय बदललं, का बदललं, काय होईल असं वाटतं. मग चार आठवडे त्या पानाला हात लावायचा नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, म्हणून मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करा, जूनशी नको, कोकणात पाऊस लागल्यावर शोधणारेच कमी होतात त्याला तुमचं टायटल काय करणार.

९० दिवसांचंही ह्यातच आलं. एसइओवाला कसा निवडावा ह्यावर गुगलचाच २०१७ चा व्हिडिओ आहे, त्यात फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष धरा असं सांगितलंय. मग ९० दिवसांत एक्सपर्ट झालेल्याने स्वतःच्या पहिल्या बदलाचा परिणाम तरी बघितलेला असेल का?

राहिलं कीवर्ड टूल. मराठी शब्दांना टूल बऱ्याचदा शून्य दाखवतं आणि मुलं तो विषय सोडून देतात. लोक मात्र मराठी देवनागरीत टाइप करतात, इंग्रजी अक्षरांत करतात, फोनला बोलून विचारतात, एकाच गोष्टीची चार स्पेलिंगं होतात आणि टूलमध्ये ती विखुरतात. मावशीच्या साइटवर टायटल होतं "लक्झरी बीच स्टे". टिक काढल्यावर काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये क्वेरी (लोकांनी गुगलवर शोधलेले शब्द) यायला लागल्या त्यात लक्झरी कुठेच नव्हतं, होतं "घरगुती जेवण", "जेवणासकट रूम", "शाकाहारी मिळेल का". मावशी म्हणाली, अगं फोनवर पण सगळे हेच विचारतात. पंधरा वर्षं तिच्या कानावर पडत होतं ते!

आता भावाचा अर्धा तास असा जातो: एक पान उघडायचं, त्याच्या क्वेरी वाचायच्या, आणि विचारणाऱ्याला पानात उत्तर मिळतं का बघायचं. जेवणाच्या पानाचं टायटल त्याने रविवारी बदललं, वहीत लिहिलंय, पुढच्या महिन्यात बघू.