आमच्या कुटुंबात आपले हार्दिक स्वागत

परवा सकाळी मोबाइल टुणकन वाजला आणि कंपनीने मला नोकरीवर घेतलं. ‘आमच्या कुटुंबात आपले हार्दिक स्वागत’ असा निरोप, खाली रंगीत फुगे, आणि फुग्यांखाली हेल्मेट डोक्यावर कसं घालावं याचा व्हिडिओ. ज्या काजूच्या फॅक्टरीत माझे केस पिकले, त्याच फॅक्टरीत मी आता सहा महिने प्रोबेशनवर.

मी हसलो. बायकोला दाखवलं, तीही हसली. मग मी त्याच ॲपवर चतुर्थीच्या रजेचा अर्ज भरला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो नामंजूर होऊन परत आला. कारण: शिल्लक रजा शून्य. तिथे हसू थांबलं. कुडाळात राहणाऱ्या, घरी गणपती असणाऱ्या माणसाची चतुर्थीची रजा नाकारायची हिंमत आजवर कुठल्या मॅनेजरला झालेली नाही. सोलापूरकडचे एक साहेब नवीन असताना म्हणाले होते, “सगळेच एकदम गेले तर प्लांट कसा चालणार?” नुसतं विचारलं होतं हो. पुढच्या वर्षी ते आमच्या वाडीत गणपतीवरच्या माटवीखाली बसून झांजा वाजवत होते. माणसाला असं वळवता येतं. ॲपला कुठल्या भजनाला नेणार?

हे झालं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण मलाही ते थोडक्यातच सांगण्यात आलं. आमचं हेड ऑफिस मुंबईला, प्लांट इथे एमआयडीसीत. पूर्वी पत्ता बदलला, बँक बदलली, पोर झालं, की साध्या कागदावर अर्ज द्यायचा, आणि एचआरच्या मॅडम ती माहिती मस्टर, पगार, पीएफ आणि विमा अशी चार ठिकाणी भरायच्या. आता नवं सॉफ्टवेअर आलंय. एका ठिकाणी बदल झाला की चारही ठिकाणी आपोआप पोचतो, माणसाचा हात लागत नाही. ट्रेनिंगला आलेल्या मुलाने हे ‘हात लागत नाही’ इतक्या वेळा ऐकवलं की मला आमच्या आजीच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाची आठवण झाली. चूकसुद्धा अशीच हात न लागता चारही ठिकाणी पोचते, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मे महिन्यात कंत्राटावरचे काही कामगार कायम झाले. त्यांची यादी एक्सेलमध्ये हेड ऑफिसला गेली. त्यात आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला एक सावंत होता. मीही सावंत. नाव, वडलांचं नाव, आडनाव, तिन्ही तीच. पूर्ण नाव लिहीत नाही. लिहिलं तर वेंगुर्ल्यापासून कणकवलीपर्यंत पाच-सहा माणसं ‘काय रे?’ म्हणून वळून बघतील. सॉफ्टवेअरला नियम घालून दिलेला: नाव, जन्मतारीख आणि पीएफचा यूएएन नंबर जुळला की माणूस एकच समजायचा, आणि ताजी माहिती जुन्या माहितीवर चढवायची.

जन्मतारीख जुळणारच होती. माझी १ जून १९७४, त्याचीही १ जून १९७४. ज्यांना यात नवल वाटतं त्यांनी आपल्या आईवडलांची आधार कार्डं काढून बघावीत. त्या काळी जूनमध्ये शाळा भरली की गुरुजी पोराला उभं करून नजरेनेच वय मोजायचे आणि पहिलीत बसेल अशी १ जून लिहून टाकायचे. अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला तो असा. माझी आई सांगते, तू नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री झालास, पाऊस असा होता की सुईण साकवापाशी अडकली. पण सुईण आणि साकव यांना फॉर्ममध्ये रकाना नसतो. वरच्या वाडीतला सावंत तर माझ्याहून निदान तीन वर्षांनी लहान. गुरुजींना तो थोराड वाटला, एवढंच.

राहिला यूएएन. हा नंबर बारा आकडी आणि ज्याचा त्याचा वेगळा असतो, तो तरी आम्हाला वाचवेल असं कोणालाही वाटेल. पण हेड ऑफिसात कोणीतरी ती फाइल आणि आम्हा जुन्यांची यादी, दोन्ही एक्सेलमध्ये उघडल्या आणि सीएसव्ही, म्हणजे नुसत्या साध्या मजकुराच्या फाइली, करून ठेवल्या. एक्सेलला लांब आकडा दिसला की ते त्याचं सुरुवातीचं टोक ठेवतं आणि पुढे ‘ई प्लस अकरा’ असं शास्त्रज्ञासारखं लिहितं. सीएसव्ही केली की मागचे आकडे गेले ते गेलेच. सुरुवातीचे आकडे आमचे दोघांचे सारखे. म्हणजे पीएफच्या दरबारातही आम्ही दोघे आता ‘एक पॉइंट शून्य एक वगैरे, ई प्लस अकरा’. रकाना आधी टेक्स्ट करून ठेवला असता तर हे टळलं असतं, हे मला माझ्या बारावीतल्या पुतणीने सांगितलं. हेड ऑफिसात तिच्याएवढं शिकलेलं कोणी नसावं.

मला यातली एक गोष्ट खरंच झोंबते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. एका माणसाला एक नंबर, म्हणजे कोणाचा कोणाशी घोटाळा नको. त्याशिवाय पॅन झालं, यूएएन झाला, विम्याचा नंबर झाला, प्रत्येकासाठी मी रांगेत उभा राहिलो, बोटं दिली, डोळे दिले. आणि एवढं सगळं देऊन मला शेवटी कशावरून ओळखलं? गुरुजींनी ठोकून दिलेल्या १ जूनवरून.

मॅडमकडे गेलो. मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, “मला चूक दिसतेय हो, पण मला एडिटच नाही. सिस्टम ऑटो आहे.” मग त्यांनी त्या सावंतालाही बोलावून घेतलं, दोघांना समोरासमोर बघून तरी काही सुचेल म्हणून.

तो बॉयलरवरून घाम पुसत आला आणि दारातूनच म्हणाला, “काय रे, तू म्हणजे मीच काय?”

“सिस्टम तसं म्हणते.”

“तरीच!” तो माझ्या शेजारी ऐसपैस बसला. “माका वाटतच होता, एवढी वर्सां राबतंय, माझो पगार वाढणा कसो नाय. तो तुझ्याकडे वाढत होतो.”

मी त्याला रजेचं सांगितलं. वीस दिवस राबलं की एक दिवस जमतो, तशा साठवून साठवून ठेवलेल्या माझ्या रजा त्याच्या नव्या नोंदीखाली गडप झाल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“गेली खंय?”

“तुझ्यात.”

“माझ्यात खंय इली? माझी पण शून्यच असा.” तो विचारात पडला. “मगे मधल्यामधी खाल्ल्यान कोणी?” आणि आम्ही दोघांनी एकदम मॅडमकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघताय?” मॅडम म्हणाल्या.

मग त्याला विम्याची आठवण झाली. नॉमिनी कोण ते बघा म्हणाला. मॅडमनी स्क्रीन फिरवली. नॉमिनी म्हणून त्याच्या बायकोचं नाव, नात्यापुढे ‘पत्नी’, आणि शेजारी माझा फोटो. फोटो तेवढा का बदलला नाही, हे एक त्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक. तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला.

“म्हणजे उद्या हो मेलो, तर पैशे माझ्या बायलेक?”

“तांत्रिकदृष्ट्या,” मॅडम म्हणाल्या.

“वायट नाय.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी आपुलकीने, “काय रे, ब्लडप्रेशरची गोळी वेळेर घेतंस मा?”

मी म्हटलं, यात हसण्यासारखं काही नाही, माझी चतुर्थी जातेय. त्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. मॅडम हातभर अंतरावर होत्या. “आयक. तुझो गणपती पाच दिवसांचो, आमचो अकरा दिवसांचो. पयले पाच दिवस तू घराक ऱ्हव. मी हयसर येवन कार्ड मारतंय. कार्ड मारल्यार तू पण हजर, मी पण हजर. सावंत एकच मा? तुझो गणपती गेलो काय तू ये, मी जातंय. रजा लागाचीच नाय! सिस्टमच्या बापाशीक कळाचा नाय.”

“मी इथेच बसलेय,” मॅडम म्हणाल्या.

“तुमका कळला तर काय होता? तुमका एडिट खंय असा?”

याला उत्तर नव्हतं. खरं सांगतो, एवढ्या दिवसांत त्या सॉफ्टवेअरबद्दल इतकं स्वच्छ कोणी बोललं नव्हतं. पण तो थांबेना. रिटायर आम्ही एकाच दिवशी होणार, तेव्हा समारंभ एकच, शाल एक, नारळ एक, याचा हिशेब त्याने तिथेच लावला. “शाल तू घे. नारळ मी नेतंय. नारळाक दर असा.” मग आपल्यापैकी भाषण कोण करणार, यावर त्याने मला बोलतं करायचा प्रयत्न केला. मग लाइट गेली, तरी तो अंधारात बोलतच होता.

पुढची पायरी म्हणून हेड ऑफिसने ॲफिडेव्हिट मागितलं. आम्ही दोघे कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे गेलो. नोटरीकडे छापील मसुदा तयार असतो: अमुक नावाची आणि तमुक नावाची व्यक्ती एकच आहे. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं, त्यासाठी लोक रोज करून नेतात. आमचं ऐकून ते चष्म्यावरून बघत राहिले. “दोन माणसं दोन आहेत, असा मसुदा माझ्याकडे नाही,” म्हणाले. “असलं कधी कोणी मागितलंच नाही. दिसतंच की.” शेवटी हाताने लिहून दिलं. फी दोघांची वेगवेगळी घेतली, तेवढी आमच्या दोनपणाची पहिली अधिकृत नोंद.

इथे मला आमच्या जुन्या हेडक्लार्कची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. ते चिडके होते, जेवणाच्या सुट्टीनंतर अर्ज घेत नसत, आणि त्यांचं कपाट उघडलं की झुरळं निघायची. पण त्या कपाटात प्रत्येकाचं कार्ड होतं आणि माझ्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘खालची वाडी, चष्मा, हळू बोलतो’. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. हा सावंत तेव्हा नुसता हंगामापुरता यायचा, तरी कधीतरी घोळ होईल हे त्यांनी ताडलं होतं. ती कार्डं सॉफ्टवेअरमध्ये भरली तेव्हा पेन्सिलचं भरलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता. आता हेड ऑफिसचं काम वाचलं म्हणतात. वाचलं असेल. पण मी अर्धा दिवस नोटरीकडे घालवला, मॅडमनी संध्याकाळी थांबून फोन केले, बॉयलरवर बदली माणूस उभा करावा लागला, ते काम कुठल्या खात्यात धरलंय? आणि वर अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर ती शून्यातून वजा होत नाही म्हणून बिनपगारी.

तक्रार नोंदवली होतीच. काल मोबाइलवर काही आलं नाही म्हणून मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमची तक्रार बंद झालीय. समाधान झाल्याचं तुम्हीच कळवलंत.” माझा मोबाइल नंबरही आता त्याच्या नंबराखाली गेलाय, त्यामुळे ओटीपी, निरोप, सगळं त्याच्याकडे जातं, हे तेव्हा कळलं. बॉयलरवर गेलो. तो कोळंबीचं कालवण आणि भात जेवत होता.

“होय, इलेला तां. किती स्टार म्हणान विचारल्यानी. मी पाच दिलंय.”

“पाच? अरे, अजून काहीच झालेलं नाही!”

“असांदे रे. फोनार चेडो होतो, कणकवलीचो. मुंबैसून चवथीक येवक तेका गाडीचा रिझर्वेशन मेळाक नाय. रडा होतो बिचारो.” त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. “जेवतंस?”

नवी तक्रार नोंदवायची तर आधी ओटीपी लागतो. तो संध्याकाळी पाळी सुटल्यावर मोबाइल बघून सांगतो म्हणालाय.