गुरुजी, सीपीयूचा फुल फॉर्म सांगा!

अभिनंदन! तालुक्यातल्या शिक्षकांना संगणक कितपत येतो हे तपासण्याच्या समितीवर तुमची वर्णी लागली आहे. कशी लागली याचा फार विचार करू नका. मागच्या बैठकीत प्रोजेक्टर लागेना, तेव्हा तुम्ही उठून त्याची वायर हलवलीत आणि तो लागला. कोकणात एकदा माणूस वायर हलवताना दिसला की तो जन्माचा ‘तंत्रस्नेही’ होतो. मग वरच्या वाडीतला बंद पडलेला मिक्सरही त्याच्याच पडवीत येऊन बसतो.

तुम्ही नवखे आहात म्हणून चार अनुभवाचे बोल सांगतो. मी सिंधुदुर्गात तीसेक वर्षं खडू झिजवला आणि अशा चार-पाच चाचण्यांना बसलो. दोनदा पास झालो. एकदा तर गैरहजर असूनही पास झालो.

सगळ्यात आधी, शिक्षकाला नेमकं काय यायला हवं हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. त्यात दिवस जातात आणि पत्रात ‘आजच दुपारी ४ पर्यंत’ असं लिहिलेलं असतं. युनेस्कोने शिक्षकांच्या तंत्रज्ञान-क्षमतांचा एक आराखडा केला आहे. २००८ मध्ये केला, २०११ मध्ये सुधारला, २०१८ मध्ये पुन्हा सुधारला आणि त्यात १८ क्षमता मांडल्या. दहा वर्षांत दोनदा बदलायचा म्हणजे त्या लोकांना पहिल्यांदा नीट जमला नव्हता, असं समजा आणि सोडून द्या. शिवाय त्यात सगळा भर शिकवताना, मूल्यमापन करताना, स्वतः शिकत राहताना तंत्रज्ञान कसं वापरता यावर आहे. माउसला बटणं किती, हा प्रश्न कुठेच नाही. असल्या आराखड्यावर प्रश्नपत्रिका निघायची कशी?

त्यापेक्षा प्रमाणपत्र मागा. आपल्याकडे २००१ साली एमकेसीएल हे संगणक शिकवणारं महामंडळ निघालं आणि एमएस-सीआयटी हे संगणक साक्षरतेच्या कोर्सचं प्रमाणपत्र आलं. पुढे सरकारी नोकरांना आणि शिक्षकांना ते पास व्हायला ३१ डिसेंबर २००७ ची मुदत पडली. त्यानंतर गाठ थेट वेतनवाढीशी. वेतनवाढ म्हटल्यावर काय विचारता! माउस उडी मारील या भीतीने तो दोन्ही हातांनी धरणारे गुरुजीसुद्धा शाळा सुटल्यावर एसटी पकडून तालुक्याला क्लासला जायला लागले. शेवटच्या एसटीने परतताना अंधारात ‘कंट्रोल सी, कंट्रोल व्ही’ असा जप चाले. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या कोर्सने पुष्कळांची भीती मोडली. माझीही मोडली.

पण गंमत बघा. त्याच २००७ च्या जानेवारीत वर्डची नवी आवृत्ती बाजारात आली आणि आम्ही घोकलेले फाइल, एडिट, व्ह्यू हे मेनू जाऊन वर चित्रांची पट्टी बसली. जूनमध्ये अमेरिकेत पहिला आयफोन विकायला आला. म्हणजे ज्या वर्षी आमचं शिक्षण सरकारदरबारी पुरं झालं, त्याच वर्षी शिकलेली वस्तू पायाखालून सरकली. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्ट कंपनीने ८ एप्रिल २०१४ ला रामराम ठोकला. आमच्या शाळेतल्या एक्सपीला हे कुणी कळवलं नाही, त्यामुळे तो पुढेही कित्येक वर्षं खारा वारा खात इमानेइतबारे चालत राहिला. स्कूटरचं पीयूसी मुदत संपली की नवं काढावं लागतं. संगणकाचं प्रमाणपत्र मात्र अमर! तेव्हा त्याची साक्षांकित प्रत घ्या, फाइलला लावा आणि ‘सर्व शिक्षक संगणक साक्षर’ असं लिहून मोकळे व्हा. २००७ साली तिशीत असलेले गुरुजी आता पन्नाशीला टेकलेत, निवृत्तीला आणखी आठ-दहा वर्षं आहेत. तेवढी निभून जातील.

वरून चाचणीचाच हट्ट असेल तर प्रश्न असे काढा की ज्यांची उत्तरं कधी बदलत नाहीत. सीपीयूचा फुल फॉर्म. संगणकाचा जनक कोण. एफ ७ दाबलं की काय होतं. फ्लॉपीची क्षमता किती. हा शेवटचा माझा फार लाडका आहे. उत्तर १.४४ एमबी. १५ ऑगस्टला सरपंच नारळ फोडतात तो फोनवर काढलेला एक फोटो त्यात मावायचा नाही, पण प्रश्नाला एक गुण ठेवाच. फोटो लहान कसा करायचा, हे मात्र चुकूनही विचारू नका. पोर्टल म्हणतं फोटो १०० केबीच्या आत हवा, फोन काढतो चार एमबीचा, आणि मधल्या दरीत रोज संध्याकाळी शेकडो गुरुजी हातपाय मारत असतात. हे विचारलंत तर उत्तरं खरीखुरी येतील आणि मग तुम्हाला प्रशिक्षण लावावं लागेल.

प्रश्नपत्रिका टाइप करताना जुनाच फॉन्ट वापरा. कुठल्याही संगणकावर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून केलेलं युनिकोड १९९१ पासून आहे आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे, पण म्हणून काय झालं? आपल्या कचेरीतल्या संगणकावर जो फॉन्ट आहे तोच खरा मराठी. तो ज्यांच्याकडे नाही त्यांना प्रश्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसेल. मागे एकदा अशीच भेळ आली होती. आमच्यापैकी दोघांनी तीही सोडवली आणि त्यांना बरे गुण पडले.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवरही एक प्रश्न घालायची पद्धत पडली आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय ते स्पष्ट करा, गुण ५.’ उत्तर गुरुजी चॅटजीपीटीकडून आणतील, तपासायला तुम्हीही त्याच्याकडेच द्या. दोघांचं छान जमेल.

चाचणीसाठी जुलै महिना उत्तम. लावणी चाललेली असते, पऱ्यांना, म्हणजे ओहोळांना, पाणी असतं, घाटातल्या दरडी रस्त्यावर आलेल्या असतात. केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, दहा संगणक आहेत. त्यांतले सहा जुन्या साडीची खोळ घालून झाकलेले, आणि खोळ काढली की आत वाळवीने वारूळ बांधलेलं. उरलेल्या चारांपैकी दोन सुरू होतात. सव्वीस शिक्षक त्या दोघांभोवती भजनाला बसल्यासारखे बसतात. लॉगिन पडतं, पहिला प्रश्न येतो, कुणीतरी ‘ब, ब’ असं पुटपुटतं आणि लाइट जाते. यूपीएस तीनदा टीव टीव करून डोळे मिटतो. जनरेटरची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई चोंढ्यातल्या शेतात चिखलणीला.

घाबरू नका. अशा वेळी चाचणी कागदावर घ्यायची. ‘संगणकाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ आमच्यातल्या एका चित्रकलावाल्या गुरुजींनी कीबोर्डाची एकेक कळ काढून, सावली देऊन, वर मॉनिटरमध्ये सिंधुदुर्ग किल्ला दाखवला होता. त्यांना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. त्यांना ईमेल पाठवता येत नाही, पण तो प्रश्न नव्हताच.

कागदही नको असेल तर गुगल फॉर्मचा राजमार्ग आहे. ‘आपणास संगणक हाताळता येतो का? होय किंवा नाही.’ ज्याला फॉर्म उघडता येत नाही तो ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि ज्याला उघडता येतो तो ‘होय’ म्हणतो. निकाल शंभर टक्के! त्यातही केंद्रातले चौदा फॉर्म एकच माणूस भरतो. तो म्हणजे नुकताच लागलेला शिक्षणसेवक. त्याचा गुन्हा एवढाच की रुजू झाला त्या दिवशी त्याने मुख्याध्यापकांचं ब्लूटूथ चालू करून दिलं. आता शाळेच्या माहितीचं यु-डायस प्लस तो भरतो, शालार्थवरची पगाराची बिलं तो बघतो, पोषण आहाराची ताटं तो नोंदवतो, दीक्षा ॲपवरची प्रशिक्षणं सगळ्यांच्या नावाने तो ‘पूर्ण’ करतो. चौदा शाळांचे पासवर्ड त्याच्या वहीत आहेत. बाकीच्यांचे शाळेच्या भिंतीवर आहेत, पोषण आहाराच्या फलकाशेजारी, वळणदार अक्षरात. त्याची बदली होईल त्या दिवशी केंद्रातला संगणक साक्षरतेचा दर काय होईल, हा हिशेब तुमच्या अहवालात नको.

मुलांच्या फोटोंचा विषयही टाळा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची भाषा करतो. आपण मात्र झाड लावतानाचा, हात धुतानाचा, खिचडी खातानाचा फोटो चार ग्रुपांवर टाकून ‘सादर’ लिहितो. कुठला फोटो कुठे टाकू नये, हे कळणं संगणक कौशल्यात मोडतं की काय अशी शंका एखाद्या बाईंनी काढली, तर ‘सूचना आल्यावर बघू’ म्हणा.

बाईंवरून आठवलं. तुमच्या चाचणीत अशा एक बाई हमखास येतील, त्यांच्यापासून सावध राहा. आमच्या केंद्रात होत्या. चौदा पटाची द्विशिक्षकी शाळा, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बाईंनी पोरांकडून प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापक करवून घेतला. रोज सकाळी दोन पोरं पाऊस मोजायची आणि बाईंच्या फोनवरच्या तक्त्यात आकडा घालायची. जुलै संपला तेव्हा बाईंनी आलेख काढून दाखवला. एका दिवसाची रेघ थेट आभाळात गेली होती. चौथीतला एक पोरगा बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, त्या दिसा आभाळ फाटला काय?” मग सगळ्यांनी मिळून वही काढली. १२० च्या जागी १२०० पडले होते. शून्य खोडलं, रेघ खाली आली, आणि पोरं टाळ्या वाजवत बसली. यंत्राने दाखवलं तरी आकडा खोटा असू शकतो, हे त्या पोरांना दहाव्या वर्षी कळलं. मला ते कळायला एकदा माझ्याच शाळेच्या पटावर कागदोपत्री एकशे चाळीस मुलं दिसावी लागली होती.

या बाईंना त्या वर्षीच्या चाचणीत पन्नासपैकी अकरा गुण मिळाले. सीपीयूचा फुल फॉर्म त्यांना आला नाही. एफ ७ चं त्या म्हणाल्या, “माझ्या फोनला ते बटणच नाही.” परीक्षकांनी शेरा लिहिला: ‘प्रशिक्षणाची नितांत गरज.’ प्रशिक्षण द्यायला आलेल्या साधनव्यक्तींनी पहिल्याच दिवशी बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तो आलेख कसा काढलात हो?”

अशा माणसांमुळे तुमचा तक्ता बिघडतो. म्हणून करून दाखवायला सांगणारा प्रश्न ठेवू नका. ‘या वीस मुलांच्या यादीत तीन चुका आहेत, शोधा.’ नको. ‘शाळेच्या दाखल्यात ऋतुजा आहे, आधारवर ह्रुतुजा आहे, आता काय कराल?’ अजिबात नको! आधार जुळलं नाही तर मूल संचमान्यतेच्या, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवतात त्या, पटात धरायचं की नाही इथपर्यंत गोष्ट जाते, शिक्षकाचं पद त्यावर हलतं. इतक्या महत्त्वाच्या गोष्टी परीक्षेत विचारायच्या नसतात. आणि दर दोन-तीन वर्षांनी चाचणी नव्याने बेतावी, कमी पडेल त्याला शेजारच्या शाळेतल्या जाणत्याजवळ चार दिवस बसवावं, गुण वेतनवाढीला न जोडता शिकवणीला जोडावेत, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा द्या आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय घ्या.

आता शेवटचं काम. निकाल पोर्टलवर चढवायचा. सगळं भरून तुम्ही ‘सादर करा’ दाबाल तेव्हा ओटीपी मागेल. तो तुमच्या फोनवर येणार नाही. पोर्टलवर अजून तुमच्या आधीच्या साहेबांचा नंबर आहे, आणि साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन देवगडच्या बाजूला कलमांत रमले आहेत. २००७ च्या मुदतीत पास झालेल्यांतले ते पहिले. प्रमाणपत्र फ्रेम करून ओटीवर लावलेलं आहे, गणपतीच्या तसबिरीशेजारी. फोन लावा. पहिल्यांदा लागणार नाही, साहेब घरात असतील. दुसऱ्यांदा ते सड्यावर येतील तेव्हा लागेल.

“साहेब, नमस्कार. एक ओटीपी आला असेल बघा तुमच्या फोनवर, दहा मिनिटांचीच मुदत आहे.”

“कसला ओटीपी? मी तर तुमच्याशी फोनवर बोलतोय. आता त्यात मेसेज कुठून दिसणार?”

तुम्ही समजावता. फोन कानाचा काढा, वरून खाली ओढा. पलीकडे बराच वेळ वारा ऐकू येतो, काहीतरी दाबल्याचे आवाज येतात, एकदा टॉर्च लागल्याचं साहेब सांगतात. सात मिनिटं झाली. मग मागून काकूंचा आवाज येतो.

“ह्यांका नाय जमाचा ता. हाडा हय फोन. हां, मास्तरांनू, लिवन घेवा. सात, तीन, शून्य, शून्य…”