कार्व्हर आडनाव आणि मेफ्लॉवरचे 'वंशज'

नात्यागोत्याच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेले १०२ इंग्रज हे अमेरिकेतले पहिले इंग्रज रहिवासी. त्यांचे आज साडेतीन कोटी वंशज आहेत. सोबतच्या यादीत तुमच्या अमेरिकन सुनेचं किंवा जावयाचं आडनाव सापडलं, तर तेही त्या वंशातले. लाळेची (म्हणजे डीएनए) चाचणी केली की सिद्ध होतं. मग प्रमाणपत्र आणि घराण्याचं कुलचिन्ह फ्रेम करून मागवा. खाली लिंक आहेच. यादीत कार्व्हर, मार्टिन, टिली, प्रीस्ट, ब्राऊन वगैरे नावं आहेत, आणि पहिल्या नावापुढे 'पहिल्या गव्हर्नरचं घराणं' असा शेरा. आमच्या मावशीची नातसून माहेरची कार्व्हर. फ्रेमचे पैसे आज-उद्या भरले जातील, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात त्या गव्हर्नरपासूनच करू, कारण यादीतलं हे सगळ्यात हास्यास्पद नाव आहे. जॉन कार्व्हर हा मेफ्लॉवरच्या लोकांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा (आजच्या मॅसॅच्युसेट्समधली) पहिला गव्हर्नर होता, हे खरं. पण तो १६२१च्या वसंतात वारला, काही आठवड्यांनी त्याची बायको कॅथरीनही गेली, आणि मागे एकही मूल उरलं नाही. मेफ्लॉवरच्या कार्व्हरचा वंश पहिल्याच वर्षी संपला. अमेरिकेत आज जे कार्व्हर आहेत ते दुसऱ्या कुठल्यातरी कार्व्हरचे.

हे इतक्या ठामपणे सांगता येतं ते एका दस्तऐवजामुळे. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने वसाहतीची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. तिच्या शेवटी त्याने जहाजावरच्या माणसांची कुटुंबवार यादी दिली आहे, नोकरचाकर आणि सांभाळायला दिलेल्या पोरांसकट. त्यापुढे, जवळजवळ तीस वर्षांनंतर, प्रत्येकाचं काय झालं तेही टिपलं आहे: कोण कधी मेलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, किती मुलं, किती नातवंडं. कार्व्हरच्या नोंदीत मृत्यू आहेत, संतती नाही. त्याचा नोकर जॉन हावलंड मात्र त्याच यादीत भरभराटलेला दिसतो. त्याने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, दहा मुलं झाली, आणि ब्रॅडफर्ड लिहीत होता तेव्हा दहाही हयात होती.

ही वही अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीशी झाली आणि पुढे लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडली. १८५६ साली ती छापली गेली, १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. ती छापली जाईपर्यंत हावलंडच्या वंशजांत एक समजूत पक्की होती, की त्याची बायको गव्हर्नर कार्व्हरची मुलगी (काहींच्या मते नात). ही समजूत प्लिमथच्या टेकडीवर त्याच्या स्मृतिशिलेवरही कोरली गेली. ब्रॅडफर्डच्या एका ओळीने ती खोटी ठरवली. म्हणजे कार्व्हरच्या नावाने वंश चिकटवण्याची हौस जुनीच आहे, आणि तिचा निकाल दीडशे वर्षांपूर्वी लागून गेला आहे.

यादीतल्या बाकीच्या नावांची गतही फार वेगळी नाही. ख्रिस्तोफर मार्टिन, त्याची बायको, सावत्र मुलगा आणि नोकर, चौघेही पहिल्या हिवाळ्याच्या आसपास मेले. टिली घराण्यातली अमेरिकेत मागे राहिली ती एलिझाबेथ, म्हणजे वंश पुढे गेला तो हावलंड नावाने. डेगरी प्रीस्टच्या दोन मुली. पीटर ब्राऊनचा वंशही मुलींकडूनच चाललेला. आता ब्राऊन आडनावाच्या प्रत्येक अमेरिकन माणसाला मेफ्लॉवरवर चढवायचं, तर ते जहाज बंदरातच बुडेल. प्रत्येक जोशी एका गोत्राचा नसतो हे ज्यांनी घरचा कुलवृत्तांत चाळला आहे त्यांना सांगायला नको, पण अमेरिकन नाव दिसलं की हीच माणसं ते विसरतात.

'पहिले रहिवासी' हा दावा एका वाक्यात निकालात निघतो. व्हर्जिनियातलं जेम्सटाऊन १६०७ सालचं, म्हणजे मेफ्लॉवरच्या तेरा वर्षं आधीचं, आणि त्याच्याही आधी १५८७ साली रोआनोक बेटावर उतरलेली इंग्रज वस्ती पुढे बेपत्ता झाली. त्या भूमीवर हजारो वर्षं राहणाऱ्यांना तर या फॉरवर्डने मोजलेलंच नाही.

साडेतीन कोटी या आकड्याबद्दल मात्र थोडं नमतं घ्यावं लागेल. तो कोणी मोजलेला नाही, अंदाज आहे. पण अंदाज वेडगळ नाही. १०२ पैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले आणि वंश माहीत असलेले प्रवासी जेमतेम पन्नास. तरी हावलंडची दहा मुलं, जॉन ऑल्डन आणि प्रिसिला मुलिन्स यांचीही दहा, रिचर्ड वॉरनची सातही मुलं मोठी होऊन संसाराला लागली. अशा घरांच्या बारा-तेरा पिढ्या म्हणजे संख्या कोटींत जाऊ शकते. तेव्हा आमच्या नातसुनेचा पूर्वज त्या जहाजावर असेलही. पण बारा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या ४०९६ जागा असतात आणि माहेरचं आडनाव त्यांतल्या एकाच वाटेने येतं. शोध घ्यायचा तर पणज्या-खापरपणज्यांच्या माहेरांचा घ्या.

आता लाळेची चाचणी. पैसे इथेच जातात. बारा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा सरासरी वाटा ४०९६ भागांपैकी एक, पण डीएनए असा समान वाटून येत नाही, तुकड्यांनी येतो. ढोबळ हिशेबाने बारा पिढ्या मागच्या पूर्वजांकडून आपल्यात आलेले तुकडे साधारण पावणेआठशे. त्यामुळे त्या पिढीतल्या दर सहा पूर्वजांपैकी पाच जणांचा आपल्यात एकही तुकडा नसतो. खरा वंशजसुद्धा चाचणीत कोरा निघू शकतो. उलट एखादा तुकडा दुसऱ्या कोणा वंशजाशी जुळला, तरी तो मेफ्लॉवरकडून आला की दोघांच्या भलत्याच सामाईक पूर्वजाकडून, ते चाचणी सांगत नाही. आणि न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांतली, जुनी घराणी आपापसात इतकी लग्नं करत आली आहेत की भलता पूर्वज मिळायला वेळ लागत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून मेफ्लॉवरवरच्या ऑल्डन किंवा सोल घराण्यांसारख्या सलग पुरुषवंशात ते कागदपत्रांना जोड देऊ शकतं. कार्व्हरच्या बाबतीत तेही नाही, कारण जुळवून पाहायला गव्हर्नरचा एकही वंशज नाही.

वंश सिद्ध होतो तो कागदाने. जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स ही १८९७ साली स्थापन झालेली संस्था अर्ज तपासते तेव्हा पिढीगणिक जन्म, लग्न आणि मृत्यू यांचे पुरावे मागते, आणि तेही नवरा-बायको दोघांचे. पहिल्या पाच पिढ्यांचं काम संस्थेच्या 'सिल्व्हर बुक्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडांत तपासून छापलेलं आहे, सहाव्या पिढीतल्या मुलांची नावंही त्यांत असतात. म्हणजे आपण आपल्यापासून मागे सरकत तिथवर पोचायचं. १८८० पर्यंत फारशी अडचण येत नाही, कारण त्या वर्षापासून जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. १८५० ते १८७० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे पण नातं नाही, त्यामुळे 'मुलगी' समजलेली पोर पुतणी निघते. १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांत आकडे. १८९० ची जनगणना बहुतेक सगळी आगीच्या भानगडीत गेली.

साखळी तुटते ती बहुधा १७९० ते १८४० च्या दरम्यान. मॅसॅच्युसेट्सच्या गावांत नोंदी जुन्या आणि चांगल्या, १८४१ पासून तर राज्यभर. पण कुटुंब तिथून उठून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात गेलं, की तिथे राज्याच्या जन्ममृत्यू नोंदी १८८० च्या दशकात सुरू होतात. मधली दरी मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त भरून काढतात. मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं मिळतात. वारसांनी मिळून बापाची जमीन विकल्याचा दस्त सापडला तर सोनं, कारण सगळी भावंडं नवऱ्यांसकट एका कागदावर येतात. युद्धात लढलेल्यांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीही पाहाव्यात, कारण ते मिळवायला विधवेला लग्न सिद्ध करावं लागे.

चुका ठरावीक आहेत. एकाच गावात एका नावाचे दोघे असले की सीनियर-ज्युनियर लिहीत, पण ते बाप-लेक असतीलच असं नाही, काका-पुतण्याही असत. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे फेब्रुवारी १७०२ ही जुनी नोंद आपल्या हिशेबाने १७०३ ची. हे विसरलं की पोर आईबापांच्या लग्नाआधी जन्मतं. आणि ऑनलाइन वंशवृक्ष एकमेकांवरून उतरवलेले असतात. एकच चूक चाळीस ठिकाणी दिसली म्हणून ती चाळीस पुरावे होत नाही.

कुलचिन्हाबद्दल जास्त शाई नको. इंग्लंडमध्ये ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. फ्रेमवाला जे विकतो ते कुठल्यातरी एका कार्व्हरचं, किंवा कोणाचंच नाही. बनावट वंशावळींचा धंदाही नवा नाही. गुस्ताव्ह आंजू नावाच्या इसमाने शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकनांना खोट्या वंशावळी बनवून विकल्या, आणि त्यांतला मजकूर अजून वंशवृक्षांत भेटतो.

तेव्हा मावशीने फ्रेम थांबवावी. नातसुनेने आधी स्वतःचा आणि आईवडिलांचा पूर्ण नमुन्यातला जन्मदाखला मागवावा, ज्यावर आईचं माहेरचं नाव असतं. मग दोन्ही आज्यांच्या लग्नाच्या नोंदी. त्यांत न्यू इंग्लंडमधलं एखादं गाव निघालं, तर पुढचं बोलू.