‘नुसती मागची गाणी’: ‘जुना वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातले दोन मुद्दे बरोबर आहेत हे लक्षात आलं आणि जरा ओशाळायला झालं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 1978 ते 1982 या काळात चाललेली विनोदी मालिका. डबघाईला आलेल्या ‘डब्ल्यूकेआरपी’ नावाच्या रेडिओ स्टेशनचं ऑफिस, तिथली आठ माणसं, एकूण 90 भाग. फॉक्सच्या होम व्हिडिओ विभागाने तिचा पहिला सीझन एप्रिल 2007 मध्ये डीव्हीडीवर आणला, तेव्हा जागोजागची मूळ गाणी काढून तिथे कुठलंतरी सपक संगीत भरलेलं होतं. मी त्या संचाला ‘चिपाड’ म्हटलं होतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नट तेच, संवाद तेच, विनोद तेच, नुसती मागची गाणी बदलली तर एवढा आकांत कशाला? सगळ्या गाण्यांचे हक्क विकत घेतले असते तर संचाची किंमत कुणाला परवडली असती? तेव्हा नाही मामापेक्षा काणा मामा बरा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना त्यांचे पैसे मिळायला नकोत का? आणि वर मी वाचकांना चोरटी प्रत शोधायला सांगते, हे दुटप्पी आहे.

आधी माझ्या चुका. ‘सगळी गाणी उडवली’ असं मी लिहिलं होतं. ते रागाच्या भरात. ‘बहुतेक’ लिहायला हवं होतं. आता दुरुस्ती केली आहे. दुसरं, पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी लोकांनी घरी टेप करून ठेवलेल्या प्रतींबद्दलचं वाक्य. मला एवढंच सांगायचं होतं की मूळ मालिका कशी होती हे कित्येक वर्षं फक्त अशा टेपांमुळे कळत होतं. पण वाक्य असं काही झालं होतं की जणू मीच पत्ता देते आहे. तेही काढलं.

आता ‘नुसती मागची गाणी’.

मी काही वर्षं आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. महिन्यातून चार-सहा ड्यूट्या मिळायच्या. स्टुडिओत गेल्यावर पहिलं काम तबकड्या लावून घेण्याचं. सुई ठेवायची, तबकडी हाताने फिरवत पहिला सूर ऐकू आला की थांबायचं, मग थोडी उलटी फिरवून तयार ठेवायची. निवेदन संपतं त्याच क्षणी गाणं सुरू झालं पाहिजे. मध्ये दोन सेकंद शांतता गेली तर ड्यूटी ऑफिसरचा चेहरा काचेपलीकडे दिसायचा. कुठली तबकडी किती वाजता वाजली हे क्यू शीटवर लिहायचं. गाणं हा आमच्या कामाचा कच्चा माल होता, शिंप्याला कापड तसा.

आता कल्पना करा, ‘आपली आवड’च्या निवेदिकेवर कुणी मालिका काढली. ती पत्र वाचते, गावाचं नाव घेते, अख्ख्या कुटुंबाची नावं घेते, आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत, आणि मग गाण्याऐवजी लिफ्टमध्ये वाजते तसली धून सुरू होते. त्या बाईची नोकरी काय आहे, हेच प्रेक्षकाला कळणार नाही.

ऑफिसवरच्या विनोदी मालिकांमध्ये बहुतेकदा ऑफिसचं काम बदललं तरी चालतं. अमेरिकेतल्या ‘द ऑफिस’मधली मंडळी कागद विकतात, उद्या ती बादल्या विकायला लागली तरी साहेब तसाच असह्य राहील आणि प्रेमप्रकरण तसंच रखडेल. डब्ल्यूकेआरपीचं तसं नाही. पहिल्याच भागात नवा प्रोग्रॅम डायरेक्टर येतो, आजी-आजोबांसाठीचं गुळमुळीत संगीत वाजवणाऱ्या स्टेशनवर रॉक सुरू करायला सांगतो, आणि जॉनी हा पेंगुळलेला निवेदक चालू तबकडीवरून सुई खर्रकन ओढून दुसरी लावतो. अख्खी मालिका त्या खर्रवर उभी आहे. त्यानंतर जे वाजतं तेही गुळमुळीतच असेल, तर स्टेशनमध्ये बदललं काय?

बरं, तुमच्या बाजूने बोलायचं तर ज्यांना गाण्याची गरजच नाही असेही विनोद त्यात भरपूर आहेत. बातम्या देणाऱ्या लेस नेसमनला स्वतःची केबिन नाही, म्हणून त्याने टेबलाभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावून भिंती आखल्या आहेत, आणि आत येणाऱ्याने त्या अदृश्य दारावर टकटक करावी असा त्याचा आग्रह आहे. हा विनोद 2007 च्या संचात जसाच्या तसा आहे. मालिकेतला सगळ्यात गाजलेला प्रसंगही शाबूत आहे: थँक्सगिव्हिंगच्या सणाची जाहिरात म्हणून हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की (कोंबडीसारखे मोठे, नीट उडता न येणारे पक्षी) खाली सोडतात, त्या दगडासारख्या आदळतात आणि लेस त्याचं धावतं वर्णन करतो. पडद्यावर एकही टर्की पडताना दिसत नाही. सगळं त्या बिचाऱ्याच्या आवाजातून कळतं. रेडिओबद्दलच्या मालिकेतला सर्वोत्तम विनोद रेडिओच्याच पद्धतीने सांगितलेला! इथे तुम्ही म्हणता तसं विनोद तेच.

पण त्याच भागात आधी काय घडतं ते बघा. मोठे साहेब मिस्टर कार्लसन हे मालकीणबाईंचे चिरंजीव. स्टेशन रॉककडे वळल्यावर त्यांना काही कामच उरलेलं नाही. प्रत्येकाच्या खोलीत डोकावतात, सगळ्यांना त्रास देतात. जॉनीच्या स्टुडिओत येतात तेव्हा पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं ‘डॉग्ज’ (कुत्री) हे गाणं वाजत असतं. हे कोण, म्हणून विचारतात. मग कान देऊन ऐकतात आणि गोंधळून विचारतात, यात कुत्री भुंकतायत का? भुंकतच असतात. 1977 च्या त्या तबकडीत खरोखर कुत्री आहेत. आपल्याच स्टेशनवर काय वाजतंय हे साहेबांना कळत नाही, म्हणून त्यांना कळेल असं काहीतरी भव्य करून दाखवायचं आणि त्यातून टर्की, असा तो धागा आहे. गाण्याचे हक्क नाहीत म्हटल्यावर कुत्र्यांबद्दलचं बोलणंही निरर्थक झालं. 2007 च्या संचात तो तुकडाच गाळला. आधीपासून माहीत नसतं तर मलाही काही चुकल्यासारखं वाटलं नसतं. मी हा संच न्यू जर्सीला भाच्याकडे पाहिला (डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत, अमेरिकेच्या डिस्कचा विभाग 1 आणि आपला 5, त्यामुळे इथल्या साध्या प्लेयरवर तो लागलाही नसता) आणि भाचा पोट धरून हसत होता. त्याला त्या तुकड्याबद्दल सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जसं कीव करून पाहिलं, तसंच तुम्हीही पाहत असाल.

दुसरा प्रसंग लेसचाच. ऑफिसातल्या सगळ्यात देखण्या बाईबरोबर त्याला समारंभाला जायचंय. आरशासमोर उभा राहून तो केसांचा टोप चढवतो, आणि मागे ‘फॉरिनर’ या रॉक बँडचं ‘हॉट ब्लडेड’ (गरम रक्ताचा) वाजतं. हा भित्रा, चष्मेवाला, डुकरांच्या बाजारभावाच्या बातम्या देणारा गृहस्थ आणि ते छाती काढून गायलेलं गाणं! अर्धा विनोद गाण्यात आहे. ते काढून भलतंच संगीत घातलं की उरतो टोप घालणारा माणूस.

म्हणून मला ‘मागची’ हा शब्द मान्य नाही. ती गाणी पुढची होती.

पैशांबद्दल मात्र तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, आणि मूळ लेखात मी कंपनीला खलनायक करून मोकळी झाले होते. टीव्हीवर गाणं वाजवणं आणि ते घरी विकायच्या डिस्कवर छापणं हे वेगवेगळे हक्क आहेत. त्यातही रचना एकाची आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं, म्हणजे एका गाण्यासाठी दोन दारं वाजवायची. मालिका सुरू झाली तेव्हा घरी पाहायच्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट अमेरिकेत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आख्खा सीझन खोक्यात घालून विकता येईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं, त्यामुळे परवाने ठरावीक मुदतीचेच घेतले. मुळात ही मालिका फिल्मवर न घेता व्हिडिओटेपवर घेतली तीही याच कारणासाठी: टेपवरच्या कार्यक्रमांना गाण्यांचे दर कमी पडत. ती सवलत खरं तर नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी होती. स्वस्तात गाणी मिळवायची ही युक्ती तेव्हा कामी आली, पुढे अंगाशी आली. नव्वदच्या दशकात मुदती संपल्यावर पुनःप्रक्षेपणातूनच गाणी जायला लागली होती. काही ठिकाणी तर संवाद वाजत्या गाण्यातून वेगळे काढता येईनात म्हणून दुसऱ्यांच्या आवाजात डब केले. म्हणजे 2007 च्या आधीच बरंच पाणी वाहून गेलं होतं, आणि ते मी लिहायला हवं होतं.

कलाकारांना पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल वादच नाही. फक्त एक गंमत सांगते. ब्लाँडी या बँडचं ‘हार्ट ऑफ ग्लास’ हे गाणं या मालिकेत वाजलं, त्याचा खपाला हातभार लागला म्हणून निर्मात्यांना सोनेरी तबकडी भेट मिळाली आणि ती सेटवरच्या भिंतीवर टांगलेली दिसते. तेव्हा गाणं वाजवल्याबद्दल आभार, नंतर त्याच वाजवण्याचं बिल! दोन्ही आपापल्या जागी रास्त आहेत, पण हसू येतं.

राहता राहिला काणा मामा. त्या कंपनीने पहिल्यानंतर दुसरा सीझन काढलाच नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये शाउट फॅक्टरी या दुसऱ्या कंपनीने चारही सीझन एकत्र आणले आणि एकेका गाण्यामागे लागून बहुतांश मूळ संगीत परत मिळवलं. सगळं नाही मिळालं. म्हणजे ‘एक तर बदललेला संच, नाही तर काहीच नाही’ हा तुमचा हिशोब 2007 पुरता खरा असेल, 2014 ला तो खरा राहिला नाही. मला विचाराल तर सात वर्षं थांबले असते. पण ज्यांना तेव्हाच मालिका पाहायची होती, त्यांनी दुधाची तहान ताकावर भागवली तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. लेखात ठेवली होती, तेवढं मागे घेते. ‘चिपाड’ मात्र राहू द्या.

शेवटी, श्रेयनामावलीच्या वेळी वाजणाऱ्या गाण्याचे शब्द तुम्ही विचारले आहेत. कितीदा ऐकूनही लागत नाहीत म्हणता. लागणार नाहीत. जिम एलिस या गायकाने ते नमुन्यादाखल गायलं तेव्हा शब्द लिहिलेलेच नव्हते, म्हणून त्याने तोंडाला येईल ते बरळून चाल पुरी केली. मालिकेचे जनक ह्यू विल्सन यांना ते इतकं आवडलं की त्यांनी तसंच ठेवलं.