उमय्यांना ऐषाराम नव्हे, करवसुली भोवली
अरब साम्राज्यावर राज्य करणाऱ्या उमय्या खलिफांवरचा लेख वाचनीय आहे, पण 'खलिफा ऐषारामात बुडाले म्हणून उमय्या घराणं लयाला गेलं' हा निष्कर्ष काही पटला नाही. ती कथा बहुतांशी उमय्यांना हटवून सत्तेवर आलेल्या अब्बासी घराण्याच्या काळात लिहिली गेली. जिंकणारा हरलेल्याबद्दल बरं कशाला लिहील?

खरं दुखणं महसुलाचं होतं. इराक आणि खोरासान (इराणकडचा पूर्वेचा प्रांत) इथले इराणी लोक मुसलमान झाले तरी अनेक ठिकाणी त्यांच्याकडून जिझिया (बिगरमुसलमानांवरचा कर) घेणं सुरूच राहिलं, कारण तो सोडला तर खजिन्याला खड्डा. खलिफा दुसऱ्या उमरने (७१७-७२०) हे थांबवायचा प्रयत्न केला, पण तो तीन वर्षांतच वारला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या! त्यात कैस आणि यमन या अरब गटांची भाऊबंदकी. ७४४ मध्ये खलिफा दुसऱ्या वलीदचा खून झाला, मग वर्षभरात गादीचे धनी बदलतच राहिले. ७४७ मध्ये अब्बासींच्या बाजूने अबू मुस्लिमने खोरासानात बंडाचे काळे झेंडे उभारले तेव्हा आतून सगळं पोखरलेलंच होतं. ७५० मध्ये इराकमधल्या झाब नदीकाठी अब्बासींकडून झालेला पराभव हा शेवटचा धक्का.

उमय्या खलिफा अब्द अल-मलिकला मात्र लेखात दोनच ओळी? अन्यायच झाला. सरकारी दफ्तर अरबीत आणणं, चित्राऐवजी नुसती अक्षरं असलेला सोन्याचा दिनार, जेरुसलेमचा सोनेरी घुमट, हे सगळं त्याचंच.

आणि आपल्याकडचा धागाही राहिला. सिंधकडून आलेल्या उमय्यांच्या अरब फौजेला नवसारीजवळ चालुक्यांच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने हरवलं. त्याच्या ताम्रपटात त्यांना 'ताजिक' म्हटलंय.